जुन्या होडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांपुरता राखून ठेविला आहे. देऊळ खचलें तर तें पुन्हा उभें करणें हें पुण्यकर्म. होडी मोडली तर मात्र तिचें सरपण! पाश्चात्य देशांत जुनी लहानशी मोटारहोडी घरच्या अंगणांत आणून तिला पुन्हा तरती करण्याचा छंद सुशिक्षित वर्गांत चांगलाच रुजलेला आहे. हा रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून त्यास हसण्यापूर्वीं त्याचा इतिहास पाहावा, आणि तो पाहतां पाहतां अंधेरी-बोरिवलीच्या रहिवाशांनीं आपल्याच पश्चिमेकडील खाड्यांवर एकवार दृष्टि टाकावी, एवढीच आमची विनंती आहे.

मोटारहोडीचें वय फार मोठें नाहीं. डाइमलर व मायबाख या जर्मन यंत्रज्ञांनीं १८८६ सालीं पेट्रोलचें एंजिन होडीस बसवून ती नेकार नदींत चालविली. स्फोटावर चालणाऱ्या यंत्राशेजारीं बसावयास लोक भीत. म्हणून डाइमलरनें होडीच्या कडेनें तारा व चिनी मातीच्या खुंट्या लावून ती विजेवर चालते असा भास उत्पन्न केला, अशी कथा सांगतात. पुढें १९४० सालीं डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेलें सैन्य सोडविण्याच्या कामीं इंग्लंडांतील नदीवरच्या कित्येक हौशी मोटारहोड्या कामास लागल्या. त्यांतील वांचलेल्या होड्यांच्या मालकांनीं १९६६ सालीं एक संघ स्थापिला, आणि दर पांच वर्षांनीं त्या होड्या पुनः डंकर्कला नेण्याचा त्यांचा प्रघात आहे. इतिहास सांभाळावयाचा तर होडी पाण्यांत चालती पाहिजे, हें मर्म त्यांनीं ओळखलें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. वेसावें, मढ, मनोरी, गोराई हीं कोळ्यांचीं गांवें उपनगरें होण्याच्या कितीतरी आधींचीं. मढचा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधला, वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतला, आणि १७७४ सालीं साष्टीबरोबर तो इंग्रजांकडे गेला. राज्यें बदललीं, त्याच्या पायथ्याच्या खाडींतील शिडाच्या होड्या मात्र चालूच राहिल्या. त्यांत यंत्र शिरलें तें मुख्यतः स्वातंत्र्यानंतर, पंचवार्षिक योजनांच्या काळांत. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. केरळांत नीण्डकर येथें १९५२ च्या करारानें नॉर्वेच्या साहाय्याची योजना सुरू झाली, तेव्हां तेथल्या जुन्या डोण्या यंत्रास सोसणाऱ्या नसल्यानें निराळ्याच घडणीच्या होड्या बांधाव्या लागल्या. वेसावें व सातपाटी येथील होड्यांची नाळ निमुळती, तळ खोल व बांधणी भक्कम. त्यांत थोड्याशा फेरफारानें एंजिन बसलें. नवें यंत्र परक्यांचें, पण तें पेलण्याची शक्ति जुन्या सुतारानें आधींच घडवून ठेविली होती.

आणि ही होडी सांभाळली जाई ती घरींच. पावसाळ्यांत होड्या वर ओढून घराजवळच्या वाळूंत उभ्या करावयाच्या, त्यांवर झावळ्यांचें छप्पर घालावयाचें, आणि नारळी पौर्णिमेपूर्वीं त्या सज्ज करावयाच्या, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा. यांत नुसती विश्रांति नसे. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा किडा होडी कोरड्यावर राहिल्यानें मरतो. कुजलेली फळी काढून नवी बसवावयाची, सांध्यांत कापूस ठोकावयाचा, तेलांत शिजविलेला चंद्रूस लावावयाचा. एंजिनाच्या होडीस आणखी एक काम असे. पंख्याचा दांडा जेथून बाहेर पडतो, तेथें पाणी आंत येऊं नये म्हणून चरबी लावलेला दोर दाबून बसवावा लागतो. एंजिन व दांडा एका रेषेंत आहेत कीं नाहींत याची अखेरची परीक्षा जमिनीवर होत नाहीं. कारण लांकडी होडी पाण्यांत उतरली म्हणजे किंचित् वांकते, आणि ती बसल्यावरच रेषा पुन्हा पाहावी लागते.

फार दिवस कोरडी ठेवलेली होडी आटते, फळ्यांचे सांधे उघडे पडतात. पाण्यांत सोडल्यावर फळ्या फुगून ते सांधे आपोआप मिटतात. म्हणून अंगणांत जीर्णोद्धार करणाऱ्यानें होडी अंगणांतच ठेवली, तर त्याचा सर्व खटाटोप व्यर्थ होय.

येथें प्लुटार्कनें नमूद केलेला जुना वाद आठवतो. थीसियसच्या नौकेची फळी न्‌ फळी बदलली गेली; मग ती तीच नौका कीं दुसरी? मुंबईच्या एका जहाजानें या प्रश्नाचें एक उत्तर दिलें आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागाचें बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें १८१७ सालीं येथेंच पाण्यांत उतरलें. तें आज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तरंगत आहे. १९९० ते २००१ या काळांत त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लांकूड मूळचेंच आहे. सागांतील तेलानें आंतील लोखंडी खिळाही फारसा गंजत नाहीं. ओकचें लांकूड मात्र त्यास खातें. पण येथील सागाचा महिमा जगाला दाखविण्यास तें जहाज इंग्लंडांत उभें राहावें, आणि ज्या किनाऱ्यावर तें घडलें त्या किनाऱ्याजवळच्या उपनगरांत एका साध्या मोटारहोडीचीहि कोणी दाद घेऊं नये, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

आतां फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्या हलक्या असतात, कुजत नाहींत, किड्यास भीत नाहींत, आणि पोटासाठीं समुद्रावर जाणाऱ्यानें त्या घेतल्या तर त्यास दोष देण्याचा आम्हां खुर्चींत बसणाऱ्यांस मुळींच अधिकार नाहीं. परंतु फायबरची होडी साच्यांतून निघते. तिला फळी बदलणारा सुतार लागत नाहीं. जो सुतार नुसत्या नजरेनें तळाचा बांक ठरवितो, त्याचें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत उतरलेलें नाहीं. तो गेल्यावर होडी तेवढी संग्रहालयांत ठेवून काय साधणार?

वेसाव्यांतच १९६१ पासून मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. उपनगरांत महाविद्यालयेंही आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनीं एका पावसाळ्यांत एका जुन्या होडीशेजारीं बसून तिचीं मापें घ्यावीं, सुताराचे शब्द टिपावे, आणि त्याच्याच हाताखालीं एक तरी फळी बसवावी. ज्या नौकेची फळी बदलणारा हात जिवंत आहे, तीच खरी जुनी नौका, असें थीसियसच्या वादाचें आमचें उत्तर आहे.