चितारआळी, सावंतवाडी

महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी नगरामधील रंगीत लाकडी वस्तूंच्या दुकानांची प्रसिद्ध पेठ. चित्रे रंगविणाऱ्या व लाकडावर लाखकाम करणाऱ्या कारागिरांस चितारी म्हणतात. त्यांच्या वस्तीवरून आळीस हे नाव पडले. कारागिराचे घर, कामाची जागा आणि विक्रीचे दुकान ही येथे परंपरेने एकमेकांस लागून असत. आत घडलेली वस्तू दुकानाच्या दर्शनी भागात मांडली जाई व रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती विनासायास पाहावयास मिळे. ही मांडणी कोणा एका कलावंताची निर्मिती नसून एका समाजाची सामूहिक निर्मिती होय. त्यामुळे आळीचा इतिहास हा एका हस्तव्यवसायाचा इतिहास आहेच. शिवाय दुकानाचा दर्शनी भाग हे लोककलेच्या टिकावाचे साधन कसे ठरले व त्या साधनाच्या मर्यादा कोणत्या, हेही त्यातून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : सावंतवाडी ही सावंत-भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. सुंदरवाडी हे तिचे जुने नाव. तिसरे खेमसावंत (कार. १७५५–१८०३) यांच्या काळात दरबारात विद्या व कला यांस विशेष आश्रय मिळाला. गंजीफा हा वर्तुळाकार पत्त्यांचा खेळ तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांमुळे याच काळात दरबारात रूढ झाला, असे परंपरा सांगते. पत्ते तयार करण्याचे काम चिताऱ्यांकडे आले. देव्हारे, पाट, चौरंग, पाळणे इ. गृहोपयोगी व धार्मिक वस्तू रंगविण्याचे कामही तेच करीत. अशा रीतीने चिताऱ्यांच्या कलेस आरंभापासून दोन आश्रय लाभले : एक राजवाड्याचा व दुसरा सामान्य गृहस्थाचा. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पहिला आश्रय क्षीण झाला. त्यानंतर कलेची भिस्त मुख्यतः दुसऱ्यावर, म्हणजे पेठेवर, राहिली. पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १ मे १९८१ पासून नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात समाविष्ट झाला.

वस्तू व तंत्र : खेळण्यांसाठी पांगारा, शिवण, आंबा इ. झाडांचे लाकूड वापरण्यात येते. पांगाऱ्याचे लाकूड मऊ व हलके असल्याने फळांच्या प्रतिकृतींस ते विशेष सोयीचे पडते. लाकूड वाळवून, कातून वा कोरून त्यास आकार देतात. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर रंगाचे व चकाकीचे थर चढवितात. कातीव वस्तूंवर लाखकाम करण्याची पद्धत वेगळी आहे. वस्तू वेगाने फिरत असताना तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर सारखी पसरते. पाट व चौरंग यांच्या कडांवर वेलबुट्टी काढतात, तर मध्यभागी कमळ, देवता किंवा दशावतार रंगवितात.

वस्तूंचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पाट, चौरंग, देव्हारा या विवाहादी मंगलकार्यांत व पूजेत लागणाऱ्या वस्तू पहिल्या वर्गात येतात. भोवरे, पांगुळगाडे, बैलगाड्या, भातुकलीचे संच ही मुलांची खेळणी दुसऱ्या वर्गातील होत. तिसरा वर्ग केवळ शोभेच्या वस्तूंचा असून, लाकडी फळे व भाज्या हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. आंबा, केळी, सीताफळ, काजूचे बोंड अशी ही फळे आकार व रंग या बाबतींत खऱ्या फळांशी इतकी मिळतीजुळती असतात, की परडीत ठेवली असता थोड्या अंतरावरून तो खऱ्या फळांचा ढीगच भासतो.

दर्शनी मांडणी : कोकणात रंगीत वस्तूंची सार्वजनिक मांडणी प्रामुख्याने जत्रांतून आढळते. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर येथे महाशिवरात्रीच्या यात्रेस समुद्रकाठच्या शिवमंदिराच्या परिसरात दुकानांच्या रांगा उभ्या राहतात व यात्रा संपताच त्या उठून जातात. चितारआळीतील मांडणी मात्र बारमाही आहे. फळ्यांवर फळांच्या परड्या, खाली पाट-चौरंगांच्या उतरंडी, वर टांगलेली हलकी खेळणी आणि पुढे मुलांच्या हाती सहज लागतील असे भोवरे, अशी तिची सर्वसाधारण ठेवण असते. वस्तूंच्या या रांगा हाच दुकानाचा फलक होय.

या मांडणीची तीन कार्ये सांगता येतील. विक्री हे पहिले व उघड कार्य होय. दुसरे कार्य नमुनासंग्रहाचे आहे. चिताऱ्यांच्या घरांत हे शिक्षण मुख्यतः पाहून व करून मिळते. दुकानात मांडलेली वस्तू नव्या पिढीच्या व शेजारच्या कारागिराच्या सतत दृष्टीसमोर राहते. त्यामुळे आकार, रंगसंगती व वेलबुट्टी यांत आळीभर एकरूपता आली. तिसरे कार्य निवडीचे होय. जी वस्तू पाहताक्षणी कळते व आवडते, तिलाच पुढची जागा मिळते. जी समजावून सांगावी लागते, ती मागे सरते. लाकडी फळे आळीची ओळख बनली आणि गंजीफा जवळजवळ लोप पावली, यामागील एक महत्त्वाचे कारण या निवडीत आहे.

गंजीफा : हा खेळ भारतात मोगलांबरोबर प्रतिष्ठा पावला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजीफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजीफेत ८ रंगांची ९६ पाने असतात, तर दशावतारी गंजीफेत विष्णूच्या १० अवतारांचे १० रंग व प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने असतात. मासा, कासव, परशू यांसारख्या चिन्हांवरून अवतार ओळखतात. खेळ बहुधा तिघांत खेळला जातो. दिवसा रामाच्या व रात्री कृष्णाच्या रंगाने डावाचा आरंभ होतो. पाच रंगांत मोठ्या अंकाचे पान वरचढ, तर उरलेल्या पाच रंगांत लहान अंकाचे पान वरचढ ठरते. म्हणून खेळाडूची स्मरणशक्ती चांगली असावी लागते. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून, खडूचा लेप देऊन व घोटून पान तयार करतात आणि त्यावर बारीक कुंचल्याने चित्रे काढतात.

युरोपीय धर्तीचे छापील ५२ पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर गंजीफा खेळणारे कमी झाले. दुकानात मांडलेली गंजीफा ग्राहकाचे लक्ष वेधून घेई. परंतु खेळ न जाणणाऱ्यास १२० हस्तचित्रित पानांची किंमत देण्याचे कारण उरले नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जाणणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही राहिले नाहीत. अशा वेळी शिवरामराजे भोसले व त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी पुंडलीक चितारी या वृद्ध कारागिराकडून हे तंत्र समजावून घेतले. १९७१ च्या सुमारास राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने कार्यशाळा सुरू झाली व तीत तरुण कारागिरांना शिक्षण देण्यात येऊ लागले. पेठेत जे टिकले नाही, ते असे राजवाड्याच्या आश्रयाने सावरले. शिवरामराजे यांचे १९९५ मध्ये व सत्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाले.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा या संदर्भात तुलनेस घेण्याजोगी आहे. तीतील चित्रही केवळ पाहण्याचे नसून कथन व गायन यांसह दाखविण्याचे असते. ती परंपरा जोपासल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. चित्रकथीस जसा कथेकरी, तसा गंजीफेस खेळाडू आवश्यक असतो. केवळ प्रदर्शनाने या कलांचा अर्धाच भाग शिल्लक राहतो.

अन्यत्र आढळणारे प्रकार : पाश्चात्त्य नगरांत एकोणिसाव्या शतकात मोठी काचपाने उपलब्ध झाल्यावर दुकानाच्या दर्शनी खिडकीची सजावट हा स्वतंत्र व्यवसाय बनला. विसाव्या शतकात कलावंतांनीही या माध्यमाचा उपयोग केला. अमेरिकन शिल्पकार क्लेस ओल्डनबर्ग याने १९६१ मध्ये न्यूयॉर्क येथे एका दुकानाच्या जागेत खाद्यपदार्थ, कपडे इत्यादींच्या रंगविलेल्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती मांडून विकल्या व कलाकृती आणि विक्रेय वस्तू यांतील सीमारेषेविषयी प्रश्न उपस्थित केला. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर ब्रिटनमध्ये ओस पडलेल्या दुकानांच्या खिडक्यांतून स्थानिक कलावंतांच्या मांडण्या करण्यात आल्या. रिकाम्या दुकानांच्या उपयोगासाठी तेथील शासनाने निधीही दिला. तेथे व्यापार उठून गेल्यावर कला दुकानात आली. चितारआळीत मात्र कला व दुकान ही कधी विभक्तच नव्हती. म्हणून व्यापारास लागलेली ओहोटी येथे थेट कलेस जाणवते.

सद्यःस्थिती : प्लॅस्टिकची व यंत्रनिर्मित खेळणी, योग्य लाकडाची टंचाई आणि तरुणांचे अन्य व्यवसायांकडे वळणे, या अडचणी जुन्या आहेत. मुंबई–गोवा महामार्गावरील झाराप–पत्रादेवी हा टप्पा नगराबाहेरून गेल्यामुळे गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या वाटेवर आळी आता सहजगत्या येत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असलेल्या मांडणीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. २०२४ मध्ये सावंतवाडीची गंजीफा व लाकडी खेळणी यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यामुळे नावाच्या अनुकरणास कायद्याने आळा घालता येतो. तथापि नव्या कारागिराची निर्मिती मानांकनाने होत नाही. घरातील पाट, मुलाच्या हातातील भोवरा आणि खेळाडूच्या हातातील पान, असा वस्तूंचा प्रत्यक्ष वापर जेथवर चालू राहील, तेथवरच दुकानातील मांडणीस जिवंत कलेचे स्वरूप राहील. एरव्ही ती केवळ स्मरणवस्तूंची विक्री ठरण्याचा संभव आहे.