अष्ट परिक्खार आणि बौद्धांचे घर

भिक्खूजवळ स्वतःच्या म्हणून किती वस्तू असाव्यात, हे आपल्या उपासक-उपासिकांना ठाऊक असते : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे गाळणे. पूज्य बाबासाहेबांनीही ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात भिक्खूच्या खासगी मालमत्तेची मर्यादा सांगताना याच आठ वस्तू मोजल्या आहेत. परंतु ही मर्यादा कशी ठरली, तिच्यामागे कोणता विचार होता आणि गृहस्थाच्या घराशी तिचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न उरतो. विनयपिटकाच्या आधारे त्याचा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

महावग्गाच्या चीवरक्खंधकात पुढील वृत्तांत येतो. राजगृहाहून वैशालीकडे जाताना भगवंतांना वाटेत काही भिक्खू दिसले. कोणाच्या डोक्यावर चीवरांचे गाठोडे, कोणाच्या खांद्यावर, तर कोणाच्या कमरेवर. वैशालीच्या गोतमक चेतियात भगवंत कडाक्याच्या थंडीत रात्री उघड्यावर एका चीवरानिशी बसले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली तेव्हा त्यांनी दुसरे चीवर घेतले, मधला प्रहर सरल्यावर तिसरे आणि पहाटे चौथे. थंडी सहन न होणाऱ्या कुलपुत्रालाही तीन चीवरांत, त्यातील संघाटी दुहेरी असल्यास, निभावता येईल, असा निर्णय त्यांनी दिला. तीन हा आकडा असा अनुभवातून आला आहे. देहाला कष्ट द्यावेत हा त्यामागील हेतू नाही. देहाला खरोखर किती लागते हे आधी पाहिले गेले आणि मग नियम झाला.

या मर्यादेला दुसरीही बाजू आहे. अधिक चीवर वा अधिक पात्र दहा दिवसांहून जास्त जवळ ठेवणे हा विनयात दोष आहे. तसेच पाचांपेक्षा कमी ठिकाणी सांधलेले पात्र टाकून नवे मागणे हाही दोष आहे. या दुसऱ्या नियमाची निदानकथा कपिलवस्तूची आहे. एका कुंभाराने भिक्खूंना हवी ती पात्रे देऊ केली. भिक्खूंनी प्रमाण न पाहता इतकी पात्रे मागितली, की त्याला विक्रीची इतर भांडी घडविण्यास सवड उरली नाही आणि त्याच्या बायकामुलांचे हाल होऊ लागले. विहारात साठलेल्या अनावश्यक पात्रांची किंमत कुंभाराच्या घरात मोजली जात होती. संग्रहाचा दोष केवळ संग्रह करणाऱ्याच्या मनापुरता नसतो, तो श्रम करणाऱ्याच्या पोटापर्यंत पोहोचतो, ही जाण या नियमात स्पष्ट दिसते.

मग अधिक वस्तू आल्याच तर काय करावे? चुल्लवग्गात महापरिनिब्बाणानंतरचा एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद स्थविरांना पाचशे उत्तरासंग दान दिले. राजाला ते रुचले नाही. हा श्रमण आता कापडाचा व्यापार करणार की दुकान थाटणार, असे त्याला वाटले. त्याने येऊन विचारणा केली. आनंदांनी सांगितले, की ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही वाटली जातील. जुन्या चीवरांची पलंगपोस होतील, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरील अंथरणे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही विरली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपली जाईल. संतुष्ट होऊन राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. वस्तू टाकून देणे आणि वस्तू साठवणे या दोहोंच्या मधला हा मार्ग आहे.

चुल्लवग्गातीलच वत्तक्खंधकात निवासाच्या स्वच्छतेचा जो क्रम सांगितला आहे, तो आजच्या गृहिणीलाही ओळखीचा वाटेल. आधी पात्र व चीवर बाहेर काढून एका बाजूस ठेवावे, मग बैठक, गादी आणि उशी. पलंग दाराला वा चौकटीला न घासता बाहेर न्यावा. जाळी-जळमटे प्रथम वरच्या बाजूची काढावीत, नंतर खिडक्या व कोपरे पुसावेत. न रंगविलेल्या जमिनीवर पाणी शिंपडूनच झाडावे, म्हणजे धूळ उडणार नाही. प्रत्येक वस्तू उन्हात तापवून, झटकून, पुन्हा होती त्या जागी ठेवावी. संघाचा पलंग वा गादी उघड्यावर टाकून निघून जाणे हा तर पाचित्तिय दोष होय. विनयाच्या दृष्टीने नीटनेटकेपणा हा सामाजिक शीलाचा भाग आहे. आपल्यानंतर येणाऱ्याची आठवण त्यात आहे.

ही परिमितता केवळ ग्रंथात राहिली नाही. नाशिकच्या लेणे क्रमांक १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात वर्ष ४२ मध्ये दिलेल्या ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी योजना होती. हिशेब करून पाहावा : २००० चे वर्षाचे व्याज २४० आणि २० भिक्खूंचे प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. दान मोठे असूनही प्रत्येक भिक्खूचा वाटा मोजका आणि निश्चित होता.

येथे एक शंका आमच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या पूर्वजांना घरात धड भांडे ठेवण्याचीही मुभा नव्हती, त्यांना साधेपणाचा उपदेश कशासाठी? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे आणि फुटकी भांडी विहित केली आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले, ते या सक्तीविरुद्धच. भिक्खूंचे पंसुकूल चीवरही स्मशानात वा उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्यांचे असे, हे खरे. तथापि दोहोंत मूलभूत भेद आहे. जीवकाने उत्तम वस्त्र अर्पण केले तेव्हा भगवंतांनी ते स्वीकारले आणि गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची भिक्खूंना अनुज्ञा दिली. पुढे देवदत्ताने पंसुकूल चीवर सर्वांना यावज्जीव बंधनकारक करावे अशी मागणी केली. भगवंतांनी ती नाकारली. ज्याची इच्छा असेल त्याने चिंध्या वापराव्यात, इच्छा नसेल त्याने गृहस्थाने दिलेले चीवर घ्यावे. लादलेले दारिद्र्य आणि स्वेच्छेने पत्करलेली मर्यादा यांतील ही सीमारेषा तथागतांनी स्वतः आखली आहे.

गृहस्थासाठी तर धनाचा निषेधच नाही. अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवंतांनी न्यायाने मिळविलेले धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख आणि ऋणमुक्तीचे सुख मान्य केले आहे. दादरच्या ‘राजगृहा’त बाबासाहेबांचे ग्रंथ हजारोंनी होते, पण त्यास कोणी अनावश्यक संग्रह म्हणणार नाही; त्यांचा उपयोग होत होता. उलट १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांतील देव्हारे रिकामे झाले, मूर्ती आणि टाक नदीत वा विहिरीत गेले. त्यांचे प्रयोजन संपले होते. वस्तू मोजण्याआधी तिचे प्रयोजन विचारावे, ही दृष्टी आपल्या समाजाने तेव्हाच आचरणात आणली होती.

आज आपल्या घरांत परिश्रमाने वस्तू आल्या आहेत आणि त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे. मात्र त्यांपैकी किती वापरात आहेत आणि किती केवळ शेजाऱ्याच्या घरी आहेत म्हणून आल्या, हा प्रश्न बौद्धाने स्वतःस विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते. अंगुत्तर निकायात संपन्न कुळे का टिकत नाहीत याची चार कारणे दिली आहेत : हरवलेले न शोधणे, जीर्ण झालेले दुरुस्त न करणे, खाण्यापिण्यास प्रमाण नसणे आणि दुःशील व्यक्तीच्या हाती कारभार देणे. यांतील पहिली दोन कारणे वस्तूंच्या निगेची आहेत. भिक्खूच्या आठ परिक्खारांत सुईचा समावेश का आहे, याचे उत्तर याच विचारात मिळते. जे जवळ आहे ते शिवून, सांधून, झटकून जागच्या जागी ठेवावे, आणि जे आपल्या उपयोगाचे उरले नाही ते ज्याच्या उपयोगाचे आहे त्याच्याकडे जावे, हीच विनयाची शिकवण आहे.