शब्दवेध : क्वारंटाइन

परदेशी बंदरात शिरताना यॉट उजव्या अंगाला पिवळा झेंडा चढवते. ‘बोटीवर सगळे ठणठणीत आहेत, प्रवेश द्यावा’ असा त्याचा अर्थ. या रिवाजामागचा शब्द व्हेनिसच्या बोलीतला : ‘क्वारांतेना’, म्हणजे चाळीस दिवस. १३७७ साली रागुझाने, आजच्या दुब्रोव्निकने, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर ठेवायचा कायदा केला. पुढे इतरत्र तिसाचे चाळीस झाले आणि तोच आकडा शब्दात रुजला. आज त्याच दुब्रोव्निकला युरोपातल्या पासपोर्ट-तपासणीमुक्त शेंगेन क्षेत्राबाहेरून आलेला यॉटवाला पासपोर्ट, बोटीचे कागद, खलाशांची यादी दाखवतो, शुल्क आणि पर्यटन कर भरतो. चाळीस दिवस इतिहासजमा झाले. पण हे सोपस्कार पुरे झाल्याशिवाय झेंडा आजही उतरत नाही.