हायड्रॉलिक टॅपेट जुळवणी

हायड्रॉलिक टॅपेटमधला दट्ट्या (प्लंजर) त्याच्या पोकळीत योग्य खोलीवर बसवण्याचे काम. साध्या टॅपेटच्या इंजिनात गरम झाल्यावरच्या प्रसरणासाठी फट ठेवावी लागते आणि ती फीलर गेजने मोजतात; मारुती ८००वर हात बसलेला मेकॅनिक ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतो ते हेच. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये फट नसते. कॅमशाफ्टवर टेकलेल्या टॅपेटच्या पोकळीत इंजिनाचे तेल शिरते, तळाचा एकदिशा व्हॉल्व्ह ते अडवतो आणि अडकलेल्या तेलावर दट्ट्या उभा राहतो. झीज किंवा प्रसरण झाले की तेल कमीजास्त होऊन फरक भरून निघतो. १९३०च्या कॅडिलॅक व्ही-१६मध्ये तेलाच्या दाबाने फट काढून टाकणारी योजना होती.

जुळवणीचे उत्तम उदाहरण म्हणजे १९५५ साली आलेले शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८. यात टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि पुशरॉड झडप उघडणाऱ्या रॉकरला; प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर असतो आणि वरचा घट्ट आट्यांचा नट फिरवून तो खालीवर करतात. पहिला सिलिंडर फायरिंगच्या वेळच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतानाची स्थिती) आणून एक्झॉस्टच्या १, ३, ४, ८ आणि इनटेकच्या १, २, ५, ७ या झडपा जुळवतात. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून उरलेल्या.

खरे कौशल्य ‘शून्य’ ओळखण्यात आहे. पुशरॉड चिमटीत धरून वरखाली हलवत नट सावकाश आवळायचा. उभा खेळ संपला की शून्य. बरेच जण पुशरॉड गोल फिरवून पाहतात. ती खूण फसवी आहे: टॅपेटमध्ये तेल नसेल तर आतली स्प्रिंग नरम असते, तेलकट पुशरॉड शून्यानंतरही फिरत राहतो आणि दट्ट्या नकळत खाली दबतो. शून्यापासून कारखान्याची जुनी शिफारस एक फेरा आवळण्याची; अर्धा फेरा पुरतो असे मानणारे जाणकारही पुष्कळ. स्टडला इंचाला २४ आटे आणि रॉकरचे प्रमाण १.५, त्यामुळे एका फेऱ्यात दट्ट्या सुमारे पावणेदोन मिलिमीटर खाली जातो.

नट फार आवळला आणि दट्ट्या तळाला टेकला, तर झडप पुरती बंद होत नाही. कॉम्प्रेशन जाते, शिवाय झडप आपली उष्णता मुख्यतः बैठकीला (सीट) टेकूनच सोडते, त्यामुळे एक्झॉस्ट झडप जळते. नट सैल राहिला तर टकटक ऐकू येते. मात्र सकाळी सुरू करताना काही क्षण होणारी टकटक बहुधा टॅपेटमधून उतरलेल्या तेलाची असते. ती कायम राहिली तर आधी तेलाची पातळी आणि दाब पाहावा; एकदिशा व्हॉल्व्हमध्ये कचरा असेल तर नट आवळून काहीच साधत नाही. जुने नट सहज फिरू लागले असतील तर ते बदलणेच योग्य, कारण केलेली जुळवणी टिकत नाही.

१९९७च्या कॉर्व्हेटसोबत आलेल्या एलएस-१ इंजिनात ही सोयच ठेवलेली नाही. तिथे रॉकरचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळतात आणि दट्ट्याची खोली बदलायची झाल्यास वेगळ्या लांबीचा पुशरॉड घालतात.