नाताळचं ताट

परवा नातीचा फोन आला. ती सध्या आयर्लंडमध्ये शिकते आहे. म्हणाली, "आजी, नाताळसाठी काहीतरी गोड सांग ना, पण ओव्हन न लागणारं. माझ्या खोलीत एकच शेगडी आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी मला दर रविवारी गरम सूप आणून देतात, त्यांना काहीतरी करून द्यायचंय."

मी म्हटलं, "अगं, ओव्हन नसलेला नाताळ तर मी लहानपणापासून पाहत आलेय!" तिला वाटलं आजी थट्टा करतेय. फोनवर सगळं सांगणं जमेना, म्हणून इथे लिहायला बसले. आयुष्यभर इतिहास शिकवला आहे, त्यामुळे पाककृतीच्या आधी थोडा इतिहास येणारच. त्याला इलाज नाही!

आमचं बालपण गिरगावातलं. खोताच्या वाडीपासून आमची चाळ चार पावलांवर. वाडीत लाकडी जिन्यांची, पुढे ओटी असलेली घरं आणि त्यांत राहणारी बरीच कुटुंबं ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नाव इंग्रजी, पण बोली मराठीच. त्यांतल्या एका मावशींकडे आमच्या घरचं शिवणकाम असायचं. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं आणि नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं. ताटावर क्रोशाचा पांढरा रुमाल. रुमालाखाली नेवऱ्या, शिंपल्यासारखे दिसणारे साखरेत घोळलेले कुलकुल, पेरूच्या लालसर वड्या आणि काजूचं मार्झिपान.

यातला एकही पदार्थ भट्टीत भाजलेला नसे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. नेवऱ्या आणि कुलकुल तळलेले. पेरूच्या वड्या आटवून, थापून, कापलेल्या. मार्झिपान शिजवून साच्यात दाबलेलं. केक असायचा, पण तो बेकरीत भाजून आणलेला. आपण तरी नानकटाई कुठे घरी भाजत होतो? पीठ मळून, डबा घेऊन बेकरीत जायचं, पत्र्यावर नानकटाया लावून द्यायच्या आणि वास घेत रांगेत थांबायचं. घरात चूल, शेगडी नाहीतर घासलेटचा स्टोव्ह. आपल्या भाषेत तळणे, उकडणे, परतणे, भाजणे, आटवणे, थापणे अशी क्रियापदं पैशाला पासरी आहेत, पण 'बेक करणे'ला मात्र 'बेक करणे'च म्हणावं लागतं. जे घरात नव्हतं त्याला शब्द कुठून येणार?

आता तुम्ही म्हणाल, भट्टीची सवय असलेल्या पोर्तुगिजांनी हा सण आणला, मग पदार्थ चुलीवरचे कसे? तर ऐका.

पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. वसई त्यांच्याकडे आली १५३४ मध्ये आणि चिमाजीअप्पांनी ती १७३९ मध्ये जिंकून घेतली, म्हणजे दोनशे वर्षं झाली. या काळात साष्टी, वसई, ठाणे, मुंबई या भागांतली अनेक गावं ख्रिस्ती झाली. ईस्ट इंडियन लोक या गावांचे वंशज. (हे नाव मात्र खूप नंतरचं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी ते घेतलं.) धर्म बदलला, नावं बदलली, सण बदलले. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज. पण घरातली बाई तीच होती, तिची चूल तीच होती आणि कढईही तीच. नवा सण आला तेव्हा तिने हाताला जे येत होतं तेच केलं. गोव्यात हिंदू घरांत चतुर्थीला नेवऱ्या होतात आणि ख्रिस्ती घरांत नाताळला. आपली करंजी ती हीच. सणाची तारीख बदलली, सारण तेच राहिलं.

भाषेचंही तसंच झालं. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, पण त्यांना ख्रिस्ताची कथा इथल्या माणसांना सांगायची होती तेव्हा त्यांनी मराठी ओवी धरली. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ मध्ये. आमच्या मावशी ते वाचत नसतील, पण त्यांच्या कढईत तेच चाललं होतं असं मला वाटतं.

पोर्तुगिजांकडूनही पुष्कळ आलं. काजू आणि पेरू त्यांनीच अमेरिकेच्या बाजूने इकडे आणले. त्यांच्या देशात मार्मेलो नावाच्या फळाच्या वड्या करतात. ते फळ इथे मिळेना, म्हणून त्याच्या जागी पेरू आला. मार्झिपान तिकडे बदामाचं, इथे ते काजूचं झालं. भट्टी आली ती गोव्यात पाववाल्याच्या, म्हणजे पोदेराच्या घरी. सामान्य घरात ती पोचलीच नाही. बेबिंकेसारखा पदार्थसुद्धा एकेक थर देत, वर निखारे ठेवून करायचे. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला पोर्तुगीज भाषेत 'कोन्सोआदा' म्हणतात. गोव्यात तो शब्द शेजाऱ्यांना पाठवायच्या ताटाला चिकटला, आणि मंगळूरकडे या फराळाला 'कुस्वार' म्हणतात.

इथवर वाचून वाटेल, किती गोड इतिहास! पण तो इतका गोड नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय आलं आणि त्याचा हात घराघरांतल्या स्वयंपाकापर्यंत पोचला. १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती घरांनी भात मिठाशिवाय शिजवू नये, दारी तुळस लावू नये अशासुद्धा आज्ञा होत्या. अ. का. प्रियोळकरांनी या सगळ्याचा अभ्यास करून ठेवला आहे. आणि आपल्या बाजूलाही कुंपण होतंच. गावच्या विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायलेला सगळा गाव बाटला, मग त्याला परत कोणी घेईना, ही दंतकथा आमच्या आजीने आम्हाला कितीदा तरी सांगितली होती. तिकडून मिठावर पहारा, इकडून पाण्यावर पहारा. माणूस कोणाचा, हे त्याच्या ताटावरून ठरत होतं.

आता आमच्या घरातलं सांगते.

गोवा मुक्त झाला ते वर्ष, १९६१. मी अकरा वर्षांची होते. १९ डिसेंबरची ती बातमी चाळीत सगळ्यांच्या तोंडी होती आणि आठवड्याभरात नाताळ आला. मावशींकडून नेहमीप्रमाणे ताट आलं. आजीने नेहमीप्रमाणे हसून घेतलं, आतल्या जिनसा वर्तमानपत्रात बांधल्या आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या हातात दिल्या. ताट घासून, रिकामं पाठवू नये म्हणून चिमूटभर साखर घालून, वर तोच रुमाल टाकून परत पाठवलं. दर वर्षी असंच व्हायचं. अंडं असतं, असं आजी सांगायची. पण नेवऱ्यांत कुठे अंडं असतं? त्याही जायच्याच. आमचा फराळ मात्र मावशी आवडीने खायच्या. "त्या आपलं खातात, मग आपण त्यांचं का नाही खात?" असं मी एकदा विचारलं होतं. आजीने उत्तर दिलं नाही, वाती वळत राहिली.

त्यानंतर पोलकं आणायला मी मावशींकडे गेले. त्यांनी विचारलं, "पोरी, कुलकुल आवडले का?" मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "आजीने बाईंना दिले." मावशींचं मशीन थांबलं. मग त्या म्हणाल्या, "बरं केलं. तिच्या घरी पोरं आहेत." आणि पोलकं घडी करून माझ्या हातात दिलं. ती घडी घालायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

घरी येऊन मी हे कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या नाताळला ताट आलं. तोच क्रोशाचा रुमाल. खाली मात्र सोललेला नारळ, वाटीभर बारीक रवा, मैदा, पुडीत साखर आणि चार वेलदोडे. शिधा! कोरडा शिधा घ्यायला सोवळ्याला अडचण नसते, हे मावशींना ठाऊक होतं. आजी बराच वेळ त्या ताटाकडे पाहत बसली. कोणी काय सांगितलं असेल हे तिच्या लक्षात आलं असणार, पण मला ती काहीच बोलली नाही. दुपारी तिने आईला पीठ भिजवायला सांगितलं आणि स्वतः नारळ खवायला बसली. त्या शिध्याच्या करंज्या झाल्या. निम्म्या आम्ही खाल्ल्या आणि निम्म्या त्याच ताटात, त्याच रुमालाखाली, मावशींकडे गेल्या. मी नेऊन दिल्या. मावशींनी त्या गव्हाणीच्या देखाव्याशेजारी त्यांच्या पदार्थांबरोबर मांडल्या.

आजी बदलली, असं मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत तिने त्यांच्या घरचं शिजवलेलं खाल्लं नाही. पण मावशींनी वाट काढून दिली आणि आजी त्या वाटेने गेली, हेही थोडं नव्हे. हे पुढे सहा वर्षं चाललं. शेवटच्या वर्षी, १९६८ मध्ये, आजी अंथरुणाला खिळली होती. शिधा येऊन पडलेला, आईला सवड नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी आजीने मला हाक मारली, "ताट तसंच आहे का?" मग पलंगावरून ती सांगत गेली आणि मी करत गेले. त्या माझ्या पहिल्या करंज्या. निम्म्या तेलात फुटल्या. मावशींनी फुटलेल्यासुद्धा मांडल्या.

माझा पहिला कुलकुल मी खाल्ला तो शाळेत नोकरीला लागल्यावर, १९७४ मध्ये, एका सहशिक्षिकेच्या डब्यातला. तोवर आम्ही गिरगाव सोडून डोंबिवलीला आलो होतो. चव कशी होती? आपल्या शंकरपाळ्यासारखी! एवढ्यासाठी इतकी वर्षं... मावशींच्या हातचा मात्र राहूनच गेला.

असो. नातीसाठी आता कृती.

कुलकुल: दोन वाट्या मैदा, पाव वाटी बारीक रवा, दोन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ. दोन चमचे तुपाचं कडकडीत मोहन घालून, नारळाच्या दुधात घट्ट भिजवायचं. अर्धा तास झाकून ठेवायचं. छोट्या सुपारीएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर चपटी दाबायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची, म्हणजे रेघांचा शिंपला तयार होतो. (मावशींकडे यासाठी एक कोरी फणी वेगळी ठेवलेली असायची.) मंद आचेवर बदामी तळायचे. साखरेच्या पक्क्या पाकात घोळवून सुटे करायचे. घाई केलीस तर आत कच्चे राहतील.

पेरूच्या वड्या: पिकलेले पेरू उकडून चाळणीवर गाळायचे, बिया काढायच्या. गर जेवढा, जवळपास तेवढीच साखर. लिंबू पिळून जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत राहायचं. गोळा कडा सोडू लागला की चमचाभर लोणी घालून, तूप लावलेल्या ताटात थापायचा. थंड झाल्यावर वड्या. तिकडे पेरू मिळाले नाहीत तर सफरचंद घे. पोर्तुगिजांनीसुद्धा फळ बदललंच होतं.

नेवऱ्या: करंजी तुला येते. कडेला दुधाचं बोट लावून नीट दाबायची, नाहीतर माझ्यासारखी गत होईल.

आणि एक गोष्ट. करण्याआधी त्या आजींना विचार, त्यांना काय चालतं, काय नाही. काजू सोसतात का, साखर चालते का. त्यांनी 'नको' म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. कोरडा शिधा घेऊन जा, त्यांच्याच शेगडीवर दोघी मिळून काहीतरी करा.

ताट परत येईल तेव्हा त्यात काय आलं ते मला फोन करून सांग. मी वाट पाहतेय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं ताट येत-जात होतं का? आठवत असेल तर जरूर कळवा.