शुक्रवारचे अडीच तास

बॅ. नाथ पै यांचे नाव निघाले की मराठी माणूस प्रथम त्यांच्या वक्तृत्वाविषयी बोलू लागतो. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या नेत्याला राजापूर मतदारसंघाने 1957, 1962 आणि 1967 अशा तीन निवडणुकांत लोकसभेत धाडले. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे उरली ती मुख्यतः भाषणांची आठवण. त्या वक्तृत्वाचे अप्रूप आम्हांलाही आहे. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना ते असणारच. परंतु खासदाराच्या कामाचा फार थोडा अंश भाषणात असतो. उरलेला सारा आठवड्याच्या कामकाजपत्रिकेत, सूचनापत्रांत आणि समित्यांच्या टिपणांत विखुरलेला असतो. नाथ पैंचे सर्वांत मोठे संसदीय कार्य या विखुरलेल्या भागातच सापडते, असे आमचे मत आहे.

अधिवेशन चालू असताना लोकसभेचा आठवडा ठरावीक चाकोरीतून जातो. सोमवार ते शुक्रवार बैठका. दिवसाचा आरंभ प्रश्नोत्तरांच्या तासाने. मात्र त्या तासाची तयारी कित्येक दिवस आधी सुरू झालेली असते, कारण प्रश्नाची लेखी सूचना मुदतीत द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला केवळ छापील उत्तर मिळते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. यानंतरचा बहुतेक वेळ सरकारी विधेयके आणि अर्थसंकल्पी मागण्या यांत जातो.

शुक्रवारचे अखेरचे अडीच तास तेवढे निराळे. मंत्री नसलेल्या सभासदांच्या कामासाठी ते राखून ठेवलेले असतात. एका शुक्रवारी खाजगी विधेयके, दुसऱ्या शुक्रवारी ठराव, असा परिपाठ आहे. विधेयक मांडायचे तर महिनाभर आधी सूचना द्यायची, मसुदा आपणच सिद्ध करायचा आणि चर्चेच्या क्रमासाठी चिठ्ठीवर हवाला ठेवायचा. तोवर अनेक सभासदांना आपापल्या गावी निघण्याचे वेध लागलेले असतात. स्वातंत्र्योत्तर काळात अशी अवघी 14 विधेयके कायद्याच्या पुस्तकात पोहोचली. त्यांतले शेवटचे 1970 साली.

गावी जाण्याची ही सोय मालवणच्या किनाऱ्याला नव्हती. दिल्लीहून आगगाडीने मुंबई, तेथून बोटीने किंवा घाटांतल्या मोटाररस्त्याने पुढे, असा तो प्रवास. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद, आणि संसदेचे एक अधिवेशन नेमके पावसाळ्यातच. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो 1998 साली. शनिवार-रविवार मतदारसंघात घालवून सोमवारी सभागृहात हजर होणे या खासदाराला शक्यच नव्हते. मतदारांना तो भेटे तो दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात, आणि बहुधा सभेत. दिल्लीतला त्याचा आठवडा किनाऱ्यावर येई तो वृत्तपत्रांतल्या चार ओळींतून. नाथ पैंची स्मृती सभेभोवती जमली आणि कागदपत्रांभोवती जमली नाही, याचे एक कारण आम्हांला या अंतरात दिसते.

आता त्या कागदपत्रांतील एका प्रकरणाकडे वळू. 27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात 6 विरुद्ध 5 अशा मताधिक्याने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. आधीच्या दुरुस्त्या न्यायालयाने शाबूत ठेवल्या. पुढचा मार्ग मात्र बंद झाला. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत मोडत असे. जमीनसुधारणांचे कायदे न्यायालयात टिकावेत म्हणून 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट जोडले होते. त्यातील मूळच्या 13 कायद्यांत मुंबई राज्याचा खोती निर्मूलनाचा कायदा होता. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून नाथ पै निवडून येत, तेथल्या कुळांनी खोती पिढ्यान्‌पिढ्या सोसली होती. घटनेच्या 368 व्या कलमाचा वाद तेथील शेताच्या बांधापर्यंत कसा पोहोचतो, हे यावरून ध्यानी यावे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नाथ पैंनी घटनादुरुस्तीचे खाजगी विधेयक मांडले. मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करावा, हा त्याचा आशय. अशा विधेयकाला साधे बहुमत पुरत नाही. सभागृहाच्या एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश मताधिक्य लागते. एका विरोधी पक्षाच्या सभासदाने शुक्रवारच्या उतरत्या दुपारी हे पेलू पाहिले. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, 1968 मध्ये समितीचा अहवाल आला, सभागृहात चर्चाही झाली. मात्र ते संमत होण्याआधीच, 27 डिसेंबर 1970 रोजी लोकसभा विसर्जित झाली. त्याबरोबर विधेयक संपले. तीन आठवड्यांनी त्याचा कर्ताही गेला.

पुढे 1971 च्या अखेरीस सरकारने 24 वी घटनादुरुस्ती करून तोच अधिकार संसदेकडे परत आणला. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. संसदेवर इतका विश्वास टाकणे शहाणपणाचे होते काय? जून 1975 मध्ये आणीबाणी आली तेव्हा नाथ पैंच्या जागी निवडून आलेले मधु दंडवते संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेले होते; तेथेच त्यांना अटक झाली. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीच मर्यादा नाही असे घोषित केले. गोलकनाथचा निर्णय देणाऱ्यांना जी भीती वाटत होती, ती निराधार नव्हती, हे मान्य करावेच लागेल.

तरीही नाथ पैंना दोषी ठरवून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने गोलकनाथचा निर्णय रद्द केला. म्हणजे नाथ पैंच्या मागणीचा अर्धा भाग मान्य झाला. उरलेल्या अर्ध्यावर ‘मूलभूत चौकटी’ची मर्यादा पडली, आणि 42 व्या दुरुस्तीचा अमर्याद अधिकाराचा दावा 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात त्याच आधारे फेटाळला गेला. अधिकार आणि मर्यादा या दोहोंची गरज स्पष्ट व्हायला पूर्ण तेरा वर्षे लागली. त्या वादाचा संसदेतला आरंभ एका खाजगी सभासदाच्या मसुद्याने झाला.

आपल्या अभ्यासक्रमांत वक्तृत्व येते. संसदेचे इतिवृत्त येत नाही. नाथ पैंचे भाषण विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्याच्या शेजारी ते विधेयकही ठेवावे, असे आम्ही सुचवू. त्याची भाषा रुक्ष आहे, एकही अलंकार तीत नाही, आणि शब्द न्‌ शब्द न्यायालयात तपासला जाईल या जाणिवेने तो बसवलेला आहे. गद्याचा असाही एक प्रकार असतो. किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना तो कधी ऐकायला मिळाला नाही. तो वाचण्याची सोय आज आपल्याला आहे.