गर्भाशयमुखाचा कर्करोग : उपचारानंतरचे जीवन सुकर करणारे संशोधन

कर्करोगातून बरे होणे म्हणजे केवळ रोगाची गाठ नाहीशी होणे नव्हे. उपचारानंतर अन्न पचणे, पूर्ववत काम करता येणे आणि घराबाहेर निर्धास्तपणे वावरता येणे हेही त्यात अभिप्रेत आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत या प्रश्नाचा शास्त्रीय वेध मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधील किरणोपचारतज्ज्ञ डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. ‘पार्सर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना या रोगाचे निदान झाले, तर सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग हे त्याचे मुख्य कारण आहे. रोग गर्भाशयमुखापुरता मर्यादित असल्यास बहुधा शस्त्रक्रिया करतात. तो पुढे पसरला असल्यास किरणोपचार आणि केमोथेरपी देतात. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका दिसल्यासही ओटीपोटावर किरणोपचार करावे लागतात.

अडचण येथेच उद्भवते. गर्भाशय काढल्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत लहान आतडे खाली उतरते आणि किरणांच्या मार्गात येते. त्याचे परिणाम कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी जाणवतात. वारंवार जुलाब, पोटदुखी, रक्तस्राव आणि क्वचित आतड्याला अडथळा असे त्याचे स्वरूप असते. शेतात वा कारखान्यात राबणाऱ्या स्त्रीला दिवसातून अनेकदा शौचास जावे लागले, तर तिचा रोजगार आणि घराबाहेरचा वावर दोन्ही धोक्यात येतात. लज्जेपोटी अनेकजणी हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

२०११ ते २०१९ या काळात पार्सर चाचणीत ३०० स्त्रियांचा समावेश करण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्या या स्त्रियांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटास प्रचलित त्रिमितीय पद्धतीने, तर दुसऱ्या गटास ‘आयएमआरटी’ या पद्धतीने किरणोपचार देण्यात आले. या दुसऱ्या पद्धतीत अनेक कोनांतून कमीअधिक तीव्रतेचे किरण सोडून आतड्यावरील मात्रा घटवली जाते. मूत्राशय व गुदाशय भरलेले आहेत की रिकामे, यानुसार लक्ष्यभाग हलतो; म्हणून प्रतिमा घेऊन त्याचे स्थानही पडताळले जाते.

तीन वर्षांच्या अखेरीस आतड्याचा मध्यम वा तीव्र त्रास प्रचलित पद्धतीच्या गटात ४२.४ टक्के, तर नव्या पद्धतीच्या गटात २१.१ टक्के आढळला. म्हणजे त्रासाचे प्रमाण निम्म्यावर आले. रोग उलटण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता. नव्या पद्धतीच्या गटातील स्त्रियांनी जुलाब कमी झाल्याचे व भूक सुधारल्याचेही नोंदवले. हे निष्कर्ष शस्त्रक्रियेनंतरच्या किरणोपचारापुरते आहेत. शिवाय या पद्धतीसाठी अद्ययावत यंत्रे व प्रशिक्षित कर्मचारी लागतात.

यंत्र कोणतेही असो, उपचारोत्तर देखभाल आवश्यकच आहे. पहिली दोन वर्षे सामान्यतः तीन ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. योनिमार्ग आक्रसणे, पायांवर सूज येणे, अकाली रजोनिवृत्ती, लघवीच्या तक्रारी आणि मानसिक ताण यांवर उपाय उपलब्ध आहेत. मात्र त्यासाठी तक्रार सांगणे आणि डॉक्टरांनी ती विचारणे गरजेचे आहे.

रोग कर्करोगपूर्व अवस्थेतच सापडला, तर किरणोपचाराची वेळच येत नाही. तामिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच दशकात तामिळनाडू शासनाने तंजावर आणि थेनी या जिल्ह्यांत अशी तपासणी प्रायोगिक तत्त्वावर हाती घेतली व पुढे ती राज्यभर नेली. महाराष्ट्रात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्मे झाल्याचे २००९ मध्ये स्पष्ट झाले.

२०२० मध्ये स्वीकारलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार हे उद्दिष्ट आहे. बऱ्या झालेल्या स्त्रीचे पुढील आयुष्य कसे जाते याची मोजदाद या आकड्यांत नाही. मुंबईतील संशोधनाने ती करून दाखवली आहे.